हनुवटीवरची माती

मी स्वातच्या खोऱ्यातली बुद्धमूर्ती बोलतेय.

करड्या दगडातून मला दोघांनी घडवलं. एकाचे पूर्वज ग्रीसहून आलेले यवन; माझे कुरळे केस आणि वस्त्राच्या चुण्या त्याच्या. दुसरा मथुरेचा, लांब कान आणि चेहरा त्याचा. डोळ्यांवरून दोघांची चांगलीच जुंपली.

"उघडे ठेव रे, माणूस जागा वाटू दे."

"झोपलाय कुठे? आत बघतोय."

शेवटी पापण्या अर्ध्यावर थांबल्या.

पुढे मठ ओस पडला, डोंगर खचला, मी गाडली गेले. कित्येक शतकांनी बख्तरवान नावाचा शेतकरी पीचची झाडं लावायला खणत होता, तेव्हा कुदळीने माझं नाक उडालं. त्याच्या बायकोने, झरमीनाने, मला गोठ्याच्या कोनाड्यात उभं केलं.

"आपल्या जमिनीतून आलाय. पाहुणाच म्हणायचा."

मग खोऱ्यात बंदूकवाले आले. मूर्ती दिसली की फोडायचे. ठेवणाऱ्यालाही सोडत नसत. एका सकाळी खालच्या वस्तीतून किंकाळ्या आल्या. बख्तरवानने घण उचलला.

"बाजूला हो. दगडापायी मरायचं का?"

"आणि तुकडे कुठे लपवशील? माती कालव आधी!"

तो घण टाकून पाणी आणायला धावला. कोनाडा भराभर लिंपला गेला. माझ्या डोळ्यांवर माती बसली. उरले फक्त आवाज.

बूट वाजले. "मूर्ती कुठेय?"

"गोठ्यात म्हशी असतात, दादा," झरमीना म्हणाली.

कुणीतरी भिंत चाचपत आलं. ओल्या मातीत बोटं रुतली आणि माझ्या हनुवटीला टेकली.

"मावशी..." अगदी हलका आवाज. तो शेरीन होता, तिच्या बहिणीचा मुलगा. वर्षभरापूर्वी त्या लोकांत सामील झालेला.

म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली होती.

"काय सापडलं रे?" बाहेरून कुणी ओरडलं.

शेरीनने बाजूची माती ओढली, बोटांनी दाबून बसवली. "काही नाही! नुसतं शेण!"

ते गेले. शेरीन पुन्हा कुणाला दिसला नाही.

खोरं शांत झाल्यावर झरमीनाने हनुवटी तेवढी सोडून मला स्वतः पुसलं आणि संग्रहालयात दिलं. आता मी काचेमागे आहे. उद्या मला धुणार आहेत म्हणे. धुणाऱ्या बाबांनो, सगळं अंग लख्ख करा. पण हनुवटीवरच्या मातीत चार बोटं उमटलीत, तेवढी राहू द्या. झरमीनाकडे शेरीनचा फोटोसुद्धा नाही.