फुल्जांसचा छोटा पंच

"तुम्ही आमची थट्टा केलीत," तितीन संचालकबाईंना म्हणाली, "आणि वर त्या थट्टेचे फोटो काढलेत."

गुरुवारी वृद्धाश्रमाच्या जेवणघरात 'बेटांची दुपार' होती. भिंतीवर कागदी नारळ, हातात उंच पेले, पेल्यात अननसाचा रस आणि लाल सरबत, वर छोटीशी छत्री. रमचा थेंब नाही. अख्ख्या आश्रमात मार्तिनिक या कॅरिबियन बेटावरचा माणूस एकच, तितीनचा नवरा फुल्जांस. म्हणून त्याची चाकाची खुर्ची ढकलत आणून त्याला मधोमध बसवला होता, देवळातल्या मूर्तीसारखा.

"अहो, तुमच्यासाठीच तर केलं," बाई म्हणाल्या. "अस्सल कॅरिबियन कॉकटेल आहे. फक्त दारूशिवाय. सुरक्षेचा नियम."

"मग रोज जेवताना लाल वाइन देता, ती काय?"

"वाइन वेगळी, मॅडम. वाइन जेवणातच धरतात."

तितीनच्या डोक्यात तिडीक गेली. याच देशाच्या सरकारनं बोलावलं म्हणून ती विशीत बोटीत बसली होती. चौतीस वर्षं तिनं पॅरिसच्या इस्पितळात म्हाताऱ्यांची ढुंगणं धुतली. फुल्जांसनं टपालखात्यात तेवढीच वर्षं दुसऱ्यांची पत्रं निवडली. आणि आता दोघांच्या म्हातारपणी ही बाई शिकवणार, की यांची ती संस्कृती आणि आमचं ते व्यसन.

ती नवऱ्याजवळ वाकली. "काय रे, कसं आहे?"

अर्धांगाच्या झटक्यानं फुल्जांसची उजवी बाजू गेली होती. शब्द तोंडाच्या एका कोपऱ्यातून, सावकाश यायचे. "छत्री बरी आहे," तो म्हणाला. "पाऊस आला तर." मग ती छत्री काढून टाकत म्हणाला, "तितीन, मला आपला पंच पाहिजे, रमचा. खरा."

आश्रमात आल्यापासून दोन वर्षांत या माणसानं काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा देतील तेव्हा प्यायचा. तितीननं तिथंच ठरवलं. शुक्रवारी डॉक्टरला गाठलं. त्यानं चिठ्ठी लिहून दिली, एक पेला चालेल. रविवारी अकरा ते तीन बाहेर न्यायची परवानगी होतीच.

तितीन स्वतः शहरात एका खोलीत राहायची, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खुर्ची वर नेणं शक्य नव्हतं.

"बाटली आणते, बागेत बसू," ती म्हणाली.

"मी काय भिकारी आहे?"

मग शोधायचं. एवढं मोठं शहर, त्यात लिंबू आणि पाक घातलेल्या रमचा एक छोटा पंच मिळू नये?

पहिल्या बारच्या काचेवर 'अस्सल कॅरिबियन' असं लिहिलं होतं. दाढीवाल्या पोरसवद्या बारवाल्यानं बर्फ खळखळवला, पुदिना कुस्करला, आणि बादलीएवढ्या पेल्यात नळी खोचून समोर ठेवलं. फुल्जांसनं त्याच्याकडे पाहिलं. "सर्दीवर देतात का हे?" पेल्याला हातही लावला नाही.

दुसरा बार बरा निघाला. लहान पेला, बर्फ नाही, उसाच्या रसाची पांढरी रम, हिरवं लिंबू. तितीननं वास घेतला आणि तिला खात्री पटली. "घे. आपल्याकडचीच आहे."

फुल्जांसनं डाव्या हातानं पेला परत सरकवला.

"आता काय झालं?"

"हा त्यानं केलाय."

"मग?"

"मग त्यालाच पिऊ दे."

तितीनच्या लक्षात आलं. चूक तिची होती. त्यांच्याकडे पंच कुणी कुणाला करून देत नाही. यजमान बाटली, लिंबू, उसाचा पाक मांडतो आणि बाजूला होतो. किती कडक, किती गोड, ते ज्याचं त्यानं पाहायचं. पाहुण्याचा पेला आपण भरला, तर त्याला लहान मूल ठरवल्यासारखं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांना चमच्यानं भरवून ती हे विसरलीच होती.

"सँ-दनीला जाऊ," ती म्हणाली. "जिस्लेनच्या खाणावळीत."

"तीनला परत यायचंय."

"बघू."

सँ-दनी पॅरिसच्या पार बाहेर, आणि खुर्ची घेऊन मेट्रोचे जिने उतरता येत नाहीत, म्हणून दोन बस. दुसऱ्या बसची खुर्ची चढवायची फळी अडकली, तेव्हा तितीननं ड्रायव्हरला खाली उतरवून ती हातानं ओढायला लावली. "बाई, माझा खोळंबा होतोय," तो म्हणाला. "माझाही," ती म्हणाली. पोचायला सव्वा वाजला.

जिस्लेन फोर-द-फ्रान्सची, म्हणजे त्यांच्याच बेटावरची. तिनं खुर्ची पाहिली, मेलेला उजवा हात पाहिला आणि काही विचारलं नाही. "काका, काकू, बसा." खाऱ्या माशाची भजी आणली. मग बाटली, पाक, अख्खं लिंबू, सुरी, चमचा, रिकामा पेला. एवढं मांडून तिनं पाठ फिरवली. शेजारच्या टेबलावर तिघं डोमिनोच्या सोंगट्या आपटत भांडत होते. एकानंही मान वळवली नाही.

फुल्जांसनं डाव्या हातात सुरी घेतली. लिंबू घरंगळून खाली पडलं. तितीन वाकली.

"राहू दे."

जिस्लेननं दुसरं लिंबू ठेवलं आणि गेली. ते त्यानं मेलेल्या हाताच्या आणि पोटाच्या मध्ये दाबून धरलं. सुरी दोनदा सटकली. तितीननं आपले दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली. वीस मिनिटं. लिंबाची कड निघाली, वेडीवाकडी. पाक शर्टावर सांडला. बाटली थरथरत पेल्यावर आली, टेबल भिजलं, पेलाही भरला. त्यानं ढवळलं, प्यायला, डोळे मिटले.

"रम जास्त झाली," तो म्हणाला.

"कुणी ओतली एवढी?"

"मी."

तितीन हसली, मग तोंड फिरवून भजी खात बसली.

परतायला पावणेचार झाले. दारातल्या नर्सला रमचा वास आला. सोमवारी सकाळी तितीनच्या हातात पत्र पडलं: सुरक्षेच्या कारणास्तव रहिवाशाचं बाहेर जाणं पुढील सूचनेपर्यंत बंद.

तितीन फुल्जांसला घेऊन सरळ कचेरीत शिरली. उशीर झाला हे तिनं आधीच कबूल केलं. मग डॉक्टरची चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"मॅडम, मी समजू शकते," संचालकबाई फुल्जांसच्या डोक्यावरून म्हणाल्या. "पण त्यांचा शर्ट बघितलात तुम्ही? त्यांना झेपत नाही. आम्हाला त्यांच्या भल्याचा—"

"मला कशाला सांगता?" तितीननं खुर्ची वळवून टेबलाच्या अगदी समोर लावली. "बंदी माझ्यावर नाही. ज्याच्यावर आहे तो हा बसलाय. त्याला सांगा."

बाईंनी फुल्जांसकडे पाहिलं, मग परत तितीनकडे. तितीन खिडकीबाहेर बघत होती. फुल्जांसचे ओठ हलायला लागले. पहिला शब्द अडकला. तितीनला तो शब्द ठाऊक होता, तिच्या जिभेवरही आला होता. तिनं दात आवळले. बाईंनी घड्याळ पाहिलं, पेन उचललं, ठेवलं.

"पुढच्या... रविवारी," फुल्जांस म्हणाला, "मी बाहेर जाणार. अकराला." त्यानं श्वास घेतला. "दार उघडणार का? हो की नाही, ते मला सांगा."