तीन शब्दांत सांगा

मोर्शीच्या बसस्टँडमागं परवेजनं २००६ साली इंटरनेटचं दुकान टाकलं, तेव्हा लोक कॉम्प्युटरपुढं तलाठ्यापुढं बसावं तसे अदबीनं बसत. आधी नमस्कार, मग गाव, मग जावयाचं कौतुक आणि झाडाच्या रोगाचा मूळ प्रश्न पार शेवटी. परवेज अगदी मेटाकुटीला यायचा. "अहो, त्याले कहाणी समजत नाही. तीन शब्दांत सांगा! संत्रा, डिंक्या, औषध. बस!"

हळूहळू लोक शिकले. सगळ्यांत हुशार निघाली मागच्या गल्लीतली पार्बताबाई. चौथी शिकलेली बाई, पण शब्द असे नेमके निवडायची, की परवेज तिचा दाखला भल्या भल्या वकिलांना द्यायचा. "पाहा, पार्बताकाकू कशी इचारते!" मग बाईची ऐट काय विचारता!

अठरा वर्षांत दुकानात झेरॉक्सचं मशीन तेवढं उरलं. ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला आणि त्याच्याशी नुसतं बोललं तरी भागायला लागलं. लोक पुन्हा मूळ पदावर आले. "काहून रे, उद्या पानी येते काय?" असं भर चौकात फोनला विचारू लागले. पार्बताबाई मात्र जुन्या शिस्तीची. रेडिओवर बातम्या देतात तसा आवाज काढून तीनच शब्द बोलायची, चौथा नाही. परवेजला तिचं फार कौतुक वाटायचं.

भादव्यातल्या एका दुपारी ती धापा टाकत दुकानात आली. पदराचंही भान नव्हतं.

"परवेज, हा फोन बरोबर सांगून नाही राहिला बाप्पा. माह्या ओमप्रकाशच्या डोयाले पानी येते म्हनून इचारलं, तं म्हनते गुलाबपानी टाका. दोन खेपा टाकलं. पोरगा तं अजूनच ढेपाळला."

"तुमी काय इचारलं त्याले?"

"डोळे, पाणी, उपाय," तिनं शिस्तीत सांगितलं.

"सकायी कुठं होता ओमप्रकाश?"

"वावरात. पन ते त्याले कायले सांगू? तूच तं म्हनते, कहाणी नको."

वावर म्हटल्यावर परवेजला फवारणीचे दिवस आठवले. त्यानं तिचाच फोन तिच्या तोंडापुढं धरला. "काकू, सगळं सांगा. सकायपासून. मले सांगसान तसंच."

मग बाई घडाघडा बोलली. पोरगा कपाशीच्या पराटीवर औषधाचा फवारा मारून राहिला होता, वारं उलटं फिरलं, निरा आंग भिजलं त्याचं. घरी आला तं डोयाले पानी, तोंडातून लाळ, दरदरून घाम, दोनदा उलटी. "आन मले म्हनते, माय, तू धुरकट दिसून राहिली!"

फोननं पहिल्याच ओळीत विषबाधा म्हटलं. ताबडतोब दवाखाना. परवेजनं पुढचं वाचलंच नाही. दुकान उघडं टाकून तो काकूंच्या घरी पळाला, ओमप्रकाशचा भिजका सदरा काढून फेकला, त्याला मोटारसायकलवर मधे बसवला, मागून माय घट्ट धरून बसली.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात ओमप्रकाश खाटेवर उठून बसला, चहा प्याला. बाहेर बाकड्यावर परवेज मान खाली घालून बसला होता. पार्बताबाई त्याच्याजवळ येऊन टेकली.

"काकू, माही चूक झाली," तो म्हणाला. "मीच तुमाले तुटक बोलाले शिकवलं. मशीन कवाचीच सुधरली, मी तुमाले सांगितलंच नाही."

"चूप बस!" बाई कडाडली. "म्हने चूक झाली! तुहे काका गेले तवा मी कोनापुढं तोंड उघडत नव्हती रे. भाऊ काय म्हनतीन, दीर काय म्हनतीन. तुह्या दुकानात मी जनमात पहिल्यांदा कोनाले काही इचारलं. तीन शब्द इचारले, पन इचारले ना? ते इचारनं आलं नसतं, तं त्या दिवशी मी तुह्यापाशीही आली नसती. घरातच बसून राहिली असती पोराजवळ."

परवेजला रडूच कोसळलं. बाईनं पदरानं त्याचं नाक पुसलं, चांगला चाळीस वर्षांचा बाप्या होता तरी.