नाल्याखालचे साठ मीटर

गावाचं नाव सांगून तरी काय करायचं? औंढ्याहून वसमतकडे निघालं की डाव्या हाताला निळी-पांढरी उंच टाकी दिसते, ते हे गाव. टाकी सरकारी निधीतून झाली आणि झकास झाली. पोटावर तिरंगी पट्टे, जिन्याला स्टीलचा कठडा, वर चार दिवे. पाणी मात्र टाकीतून उतरलं की जुन्याच सिमेंटच्या पाइपात शिरायचं, आणि तो पाइप चाळीस वर्षांपासून गावाच्या सांडपाण्याच्या नाल्याखालून साठ मीटर जात होता. जागोजागी तडकलेला. निधी आला तेव्हा या साठ मीटरांचं नाव कुणी काढलं नाही. जमिनीखालचं काम फोटोत येत नाही ना!

सरिताला हे सगळं तोंडपाठ होतं. पाणी तपासायला गावात पाच बायका नेमल्या होत्या, त्यातली ती एक. बाकीच्या चौघी प्रशिक्षणाच्या दिवशी चहा पिऊन, फोटो काढून गेल्या त्या गेल्याच. सरितानं तपासणीची पेटी घरी आणली आणि इमानदारीनं काम करत राहिली. पेटीत छोट्या बाटल्या होत्या. बाटलीत पाणी भरायचं, बूच घट्ट लावायचं आणि ठेवून द्यायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं की समजायचं, त्यात घाण शिरलीय. पंचायतीच्या नळाची बाटली तीन महिने काळी पडत होती. तिनं तीन अर्ज दिले. तिन्ही वेळा सरपंच उत्तमराव म्हणाले, "अर्ज वर पाठवलाय." वर म्हणजे कुठं, टाकीवर की काय, कोण जाणे.

तिला अर्जाची हौस नव्हती. तिची करुणा, सातवीतली पोरगी, दुसऱ्यांदा काविळीनं अंथरुणाला खिळली होती. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले. बाप रत्नपाल वसमतच्या हळद मार्केटात हमाली करायचा, आठवड्यानं घरी यायचा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, लेकराला शुद्ध पाणी द्या. म्हणून सरिता रोज थंडगार पाण्याचा जार विकत आणत होती. आणि गावात जारचा प्लांट कुणाचा? उत्तमरावांचाच. नळाच्या पाण्याचे धनी तेच आणि त्या पाण्याला कंटाळून लोक जे विकत घेतात त्याचेही धनी तेच. माणूस हुशार होता, नाही कसं म्हणायचं.

पाणीयोजनेचा थोडा निधी शिल्लक होता. त्यातून नाल्याखालचा पाइप बदलावा, असं सरिताचं आणि नळ सोडणाऱ्या जळबाचं म्हणणं. टाकीपुढं कमान बांधावी आणि तिच्यावर आपल्या वडलांचं नाव टाकावं, असं उत्तमरावांचं म्हणणं. वडील आयुष्यभर विहिरीचं पाणी प्यायले, त्यांचा टाकीशी काय संबंध, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. पण नियम होता. पाणी शुद्ध निघालं तरच योजना पूर्ण झाल्याचा दाखला मिळणार, आणि मगच उरलेले पैसे कमानीला वळवता येणार. त्यासाठी सोमवारी तालुक्याचे इंजिनिअरसाहेब नमुना घ्यायला आले.

साहेब यायच्या आधी जळबानं सरिताला पंचायतीच्या मागं बोलावलं. म्हातारा चिडला होता.

"सरे, नमुना घेऊन काय करतीस? सकाळीच सरपंचाच्या माणसानं पंचायतीच्या छतावरल्या छोट्या टाकीत सात जार ओतले. मेन लाइनचा वॉल बंद करायला लावला मला. नळाला आज जारचं पाणी येऊन राहिलं."

"तुमी काहून बंद केला, मामा?"

"पेन्शनला दोन वर्सं राहिलीत माझ्या," जळबा म्हणाला आणि खाली बघू लागला.

सरिताला त्याचा संताप आला आणि कीवही आली. बोंबलून उपयोग नव्हता, साहेब उत्तमरावांच्याच गाडीतून उतरत होते. तिनं सगळ्यांसमोर नळाचं पाणी बाटलीत भरलं, चिठ्ठी लावली, सह्या घेतल्या. बाटली पंचायतीच्या कपाटात गेली, कुलूप लागलं. तिच्या नेहमीच्या रीतीप्रमाणं तिनं त्याच नळाची दुसरी बाटलीही भरली आणि पदराआड घरी नेली. मागं एकदा कपाटातली बाटली "उंदरानं पाडली" होती, तेव्हापासून ती प्रत्येक नमुन्याची जोडी करायची. बूच लावलेली बाटली उघडून सांडणारा उंदीर तिनं अजून पाह्यला नव्हता.

गेले साठ मीटर, तिनं मनाशी म्हटलं. जारचं पाणी, ते शुद्धच निघणार. बांधा कमान.

मंगळवारी सकाळी ती चहा ठेवायला उठली आणि चुलीजवळच्या फळीवर बघितलं, तर बाटली काळीकुट्ट.

आधी तिला आनंद झाला. झाली की नाही फजिती! मग हातातला चहाचा चमचा तसाच राहिला. नळाला तर जारचं पाणी होतं. म्हणजे काळं पडलं ते जारचं.

कोपऱ्यात जार होता. त्याच्या बाजूला करुणाचा स्टीलचा पेला, अर्धा प्यालेला. बावीस दिवस ती हेच पाणी लेकीला पाजत होती, स्वतः नळाचं पिऊन. करुणानं मागितलं नाही तरी उठवून पाजत होती, थंड आहे, चांगलं आहे, पी बाई म्हणून. थंड म्हणजे शुद्ध, हे तिला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. सगळं गाव तसंच समजत होतं. सरिता तिथंच चुलीपुढं बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. पाणी तपासणारी बाई म्हणे! गावभरचं पाणी तपासलं आणि घरातला जार तेवढा तपासला नाही.

रडून झाल्यावर तिनं जारमधलं पाणी नव्या बाटलीत भरलं, बूच लावलं आणि जळबाला गाठलं.

"मामा, प्लांटला पाणी कुठून?"

"मेन लाइनवरूनच. मीच जोडून दिलं, पाइप नाल्याखालून पलीकडं निघतो तिथं. पण मशीन हाय ना त्यांच्याकडं."

"मशीन थंड करायची हाय, मामा. गाळायची बंद पडलीय का चालू, कोण बघून राहिलं?"

जळबानं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "माझी नातवंडं बी जारचंच पितात."

बुधवारी पंचायतीत सगळे जमले. टेबलावर हार, पेढे आणि पाहुण्यांसाठी जारच्या थंड पाण्याचे ग्लास. साहेबांनी कपाट उघडलं, बाटली काढली आणि तोंड वाकडं केलं. बाटली काळी होती.

"किटच खराब असंल," उत्तमराव लगेच म्हणाले. "आमचं पाणी चांगलं हाय, साहेब."

"कोणतं पाणी, सरपंचसाहेब?" सरितानं शांतपणे विचारलं. "नळाचंच होतं ना बाटलीत? का दुसरीकडलं कुठलं? दुसरीकडलं असंल तर आत्ता सांगा, आपुन पुन्हा भरू."

साहेबांनी उत्तमरावांकडं पाह्यलं. नळाचं नव्हतं म्हणावं तर सात जार ओतल्याचं उघडं पडणार. आणि बाटली तर काळी, म्हणजे जारचा धंदाच बुडाला. माणूस पक्का व्यापारी, त्यानं झटक्यात हिशेब लावला आणि कमान सोडली.

"नळाचंच," ते म्हणाले. "पाइप लई जुना हाय, साहेब, नाल्याखालून जातो. घाण शिरते. मी कवापासून म्हणून राहिलो, बदलायला पायजे."

कवापासून म्हणे! जळबा दारात उभा होता, त्यानं मान फिरवून बाहेर थुंकलं.

साहेबांनी लिहिलं: उर्वरित निधीतून नाल्याखालील साठ मीटर पाइप तातडीनं बदलण्यात यावा. उत्तमरावांनी सही केली, शिक्का मारला. सरितानं कागद उचलला, शाई वाळेपर्यंत थांबली, मोबाइलवर फोटो काढला आणि साहेबांच्या हातात परत दिला.

मग तिनं पिशवीतून दुसरी बाटली काढून टेबलावर, हाराच्या शेजारी ठेवली. तीही काळी.

"ही कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या लेकीच्या जारची," सरिता म्हणाली. "सरपंचसाहेबांच्या प्लांटची. आन् साहेब, सोमवारी नळाला बी हेच पाणी होतं. सात जार. यांना इचारा."

जळबा दारातून आत आला. "म्या पाह्यलं," तो म्हणाला. "वॉल मीच बंद केला होता."

उत्तमराव काहीतरी बोलायला गेले आणि तोंड कोरडं पडलं म्हणून त्यांनी सवयीनं ग्लास उचलला. तो ओठांपाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. टेबलावरच्या बाकीच्या ग्लासांनाही कुणी हात लावला नाही.

"घ्या की, सरपंचसाहेब," सरिता म्हणाली. "थंड हाय."

ती उत्तराला थांबली नाही. घरी चुलीवर पातेलं ठेवून आली होती, आणि करुणाला पाजायचं पाणी उकळून निवायला वेळ लागतो.