कोपऱ्यावरच्या खांबाची ओढ

मी कोपऱ्यावरचा तारांचा खांब बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, तारा गुणगुणतात तेवढंच. कुणाला काही कळत नाही.

मला एका वायरमनने उभं केलं. इथे दोन रस्ते काटकोनात मिळतात, म्हणून दोन तारा मला दोन दिशांना ओढतात. मी पडू नये म्हणून मागे जमिनीत गाडलेली ताणतार हवी. ती कुठे गाडायची, याची वायरमनची ठरलेली रीत होती. माझ्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि दोन्ही हात दोन तारांच्या दिशेला पसरायचे. नाक जिकडे, तिकडे खांबाची ओढ. बरोबर पाठीमागे खड्डा.

दोन्ही तारांचा ताण सारखा असेल तर रीत वाईट नव्हती. पण माझ्या डावीकडे जाडजूड केबल होती आणि उजवीकडे सुतळीएवढी तार.

वायरमनची मुलगी तंत्रनिकेतनात शिकायची. बाबांचा डबा घेऊन आली आणि खडूने माझ्याच पायावर दोन बाण काढले, डावा लांब, उजवा आखूड. चौकोन पुरा करून कर्ण ओढला; तो, म्हणजे माझी खरी ओढ, डावीकडे झुकला. चला, कुणाला तरी माझं दुखणं कळलं!

"बाबा, खड्डा दोन पावलं उजवीकडे घ्या."

"तीस वर्षं खांब उभे करतोय मी. खडूने खांब राहतात होय गं?"

जुन्याच खड्ड्यात सिमेंट ओतलं. मी काय करणार, उभा राहिलो.

आठ दिवसांत मी डावीकडे कललो. मुलगी पुन्हा आली. बाबांना हात पसरायला लावले. माझ्या डावीकडे शिवणयंत्र घेऊन बसणाऱ्या मावशींना बाबांची उजवी करंगळी धरायला सांगितली आणि स्वतः डावा हात गच्चकन ओढला. वायरमन धडपडत डावीकडे गेला. मावशी हसून हसून बेजार. तो मात्र पुसट झालेल्या खडूसमोर उकिडवा बसून राहिला.

"चुकलं गं माझं."

पण नवा खड्डा साहेबांच्या सहीशिवाय खणता येत नाही. दोन अर्ज झाले. बापलेक रोज ओळंबा लावतात, मी रोज सूतभर पुढे असतो. फार लाज वाटते.

"मावशी, मशीन उजवीकडे घ्या ना," मुलगी विनवते.

"उजेड इथेच येतो गं. आणि खांब कुठे पळून चाललाय?"

या कोपऱ्यावरून गेलात, तर तुम्ही तरी त्यांना उठवा. मावशी, मी तुमच्याच अंगावर येतोय हो.