अकरा जणांची पसंती

मित्रांनो, मी रोहिणखेडचा एक जुना मोबाइल आहे. योगिनी बारावीत चांगल्या गुणांनी पास झाली, तेव्हा तिच्या वडिलांनी, रंगरावांनी, मला मलकापुरातून आणले.

गुराढोरांच्या आजारांबद्दल प्रश्न विचारण्याचा एक मंच माझ्यात होता. योगिनी तिथे 'पशुमित्र' नावाने उत्तरे द्यायची. आधी गावच्या गुरांच्या डॉक्टरांना विचारायची, मगच लिहायची. "वासरू उठून उभं राहिलं," असे कुणी कळवले की मला छातीशी धरायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे मंचाने जाहीर केले, की उत्तराला 'बरोबर' म्हणणाऱ्या प्रत्येकामागे एक गुण आणि ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याला लॅपटॉप. योगिनीचे शिक्षण लॅपटॉपवाचून अडले होते. तिने अकरा खोट्या नावांनी खाती उघडली. स्वतःच उत्तर लिहायचे, अकरा नावांनी 'बरोबर' म्हणायचे. डॉक्टरांना विचारणे सुटले. पोट फुगलेल्या शेळीला आडवी पाडून तेल पाजा, असे तिने एकदा ठोकून दिले. 'हे चूक आहे, तेल फुफ्फुसात जाईल,' असे खाली एका जाणकाराने लिहिले. अकरा नावांनी तिने ते खोटे ठरवले. मी नुसता तापत राहिलो. मला वाचा कुठे होती?

एका दुपारी शेजारच्या बनाबाईंच्या अंगणातून त्यांच्या सुनेचा, काजलचा, आवाज आला. "सापडलं, आत्याबाई! आडवी पाडा, तेल पाजा म्हणते. अकरा जणायनं बरोबर म्हटलं!"

योगिनी मला मुठीत धरून अनवाणी धावली. "काकू, नका पाजू! थांबा!"

उशीर झाला होता. पोट फुगलेली गाभण शेळी खोकली, तिने पाय झाडले आणि बनाबाईंच्या मांडीवर गार पडली.

"काऊन मेली वं ही?" बनाबाई तिच्या पोटावरून हात फिरवत म्हणाल्या. "एवढ्या लोकायनं सांगतलं होतं ना?"

योगिनी त्यांच्यासमोर खाली बसली. "काकू, ते उत्तर माह्यं होतं. अन् ते अकराही मीच होते."

 बनाबाईंनी पदर ओढून शेळीचे तोंड झाकले.

तिथेच, मातीत बसून, योगिनीने मंचावर सगळे खरे लिहिले. तिचे खाते बंद झाले, सारे गुण गेले. तरी ती मला घेऊन जुनी उत्तरे शोधते, ज्यांनी त्या प्रश्नांखाली आपला फोन नंबर दिला होता, त्यांना एकेक निरोप पाठवते. कितीतरी निरोपांना उत्तरच येत नाही. तिकडे काय झाले असेल, या विचाराने ती पुन्हा पुन्हा मला उघडून पाहते.

मित्रांनो, माहीत नसेल तर 'मला माहीत नाही' एवढेच लिहा. त्याला गुण मिळणार नाहीत. पण पलीकडे कुणीतरी, तडफडणारा जीव मांडीवर घेऊन, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवत असते.