काठोकाठ भरलेला प्याला

मित्रांनो, माझ्या पोटावर पोचे आहेत, एका बाजूची मूठ तुटलेली आहे आणि तोटी गळते. तेव्हा मी चहाचं पाणी उकळणारा एक जुना समोवर आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पितळेचं अंग, मधोमध धुराडं, त्यात निखारे, भोवती पाणी आणि डोक्यावर चहादाणी. म्हाताऱ्यांनी गप्प बसावं असं काही जण म्हणतात. पण ज्याच्या पोटात विस्तव आहे, तो गप्प कसा बसेल?

माझा जन्म दूरच्या एका रशियन गावातल्या कारखान्यात झाला. माझं पोट ठोकून गोल करत असताना कारागिराला शिंक आली आणि हातोडा घसरला. म्हणून मी डावीकडे जरा जास्त फुगीर आहे. तपासनीस मला मोडीच्या ढिगात टाकायला निघाला होता. तेव्हा मी अशी शिट्टी मारली, की त्याची टोपी उडून दुसऱ्या तपासनिसाच्या डोक्यावर बसली. आत पाण्याचा थेंब नसताना शिट्टी कशी मारली, असं विचारू नका. जीवावर बेतलं की सगळं जमतं.

मग मला किरगिझ डोंगरांकडे धाडलं. खिंडीत थंडी एवढी, की माझ्या धुराड्यातून निघालेली वाफ वरच्या वर गोठली आणि तिचा खांब झाला. गाडीवानानं त्या खांबाला घोडा बांधला. वसंत आला तेव्हा खांब वितळला आणि घोडा पळाला. खोटं वाटत असेल तर त्या घोड्याला विचारा.

इसिक-कुल तलावाच्या दक्षिण काठावर एका सामुदायिक शेतीच्या कचेरीत माझी पुष्कळ वर्षं गेली. किती मान होता माझा! अध्यक्ष सभेत उठून म्हणायचे, "आपल्या कचेरीत वेळेवर कामाला लागतो तो फक्त समोवर." सगळे टाळ्या वाजवायचे आणि पुन्हा पेंगायचे. पुढे ती शेती बंद पडली. खुर्च्या गेल्या, टेबलं गेली, मी राहिलो. मला कुणीतरी कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवलं. पाणी उकळणाऱ्यानं अंडी उबवायची! मी चिडून एक कोंबडी अशी तापवली, की तिनं उकडलेलं अंडं घातलं.

तिथून मला बाहेर काढलं ते बुरमाकान एजेनं. एजे म्हणजे थोरली बहीण. पण तिला सख्ख्या बहिणीपासून टपालवाल्यापर्यंत सगळेच एजे म्हणायचे. तिनं मला राखेनं घासलं, तोटी उपटून नीट बसवली आणि म्हणाली, "गळतोस तर गळ. माझ्या अंगणात जागा आहे."

हे वाक्य मी विसरलो नाही. ती मात्र विसरली, आणि तिथेच गोष्ट सुरू होते.

बुरमाकान एजेच्या अंगणात नमदे, म्हणजे लोकर दाबून केलेले जाड गालिचे, बनत. आधी गवताच्या काड्यांची लांब चटई पसरायची, तिच्यावर रंगीत लोकर मांडायची. वर कढत पाणी शिंपडायचं, मग चटईसकट गुंडाळी करून दोरानं आवळायची. त्यानंतर बायका एका रांगेत गुडघ्यांवर बसायच्या आणि कोपरापर्यंतचे हात त्या गुंडाळीवर एकदम टाकायच्या. दाबायचं, लोटायचं, ओढायचं. हाताखाली लोकर घट्ट होत जाते आणि नमदा तयार होतो. हात एकाच ठेक्यात पडले पाहिजेत. ठेका द्यायची ती बुरमाकान एजे, रांगेच्या उजव्या टोकाला बसून. "हेऽय!" म्हटलं की हात खाली. सगळ्यांच्या माना गुंडाळीवर वाकलेल्या, कुणीही कुणाकडे बघायचं नाही.

एका वसंतात मायराम आली. डोंगरापलीकडच्या नारिन गावची, तिशीतली, रुंद खांद्यांची. लहानपणी तापात तिचे कान गेले होते. बोलायची मात्र खणखणीत, डोंगरापलीकडच्या माणसाशी बोलावं तशी. समोरच्याचं बोलणं ती ओठांवरून ओळखायची.

पहिल्याच दिवशी कालिपा, म्हणजे आमच्यातली सगळ्यात तिखट जिभेची, शेजारणीशी कुजबुजली, "एजेनं ही कुठून पैदा केली? हिच्याशी बोलायचं म्हणजे घसा बसायचा."

अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून मायराम ओरडली, "घसा नाही बसायचा, बाई! हळू बोललीस तरी चालतं. फक्त तोंडात बूरसोक कोंबून बोलू नकोस. तळलेला गोळा फिरतो तो, शब्द कुठला आणि गोळा कुठला ते कळत नाही."

मी हसून वाफ सोडली. कालिपा हसली नाही.

मित्रांनो, मायराम कामात बरी होती. फार चांगली नाही, फार वाईट नाही. पण एजेची हाक तिला ऐकू येत नसे. शेजारणीचे हात पडलेले दिसले की ती आपले टाकायची, म्हणजे अर्धा क्षण उशिरा. गुंडाळी तिच्या बाजूला वाकडी व्हायची आणि नमद्याला तिथे उंचवटा यायचा. एकदा लग्नाचा नमदा उलगडला, तर मेंढ्याच्या शिंगांच्या नक्षीत एक शिंग गळू आल्यासारखं फुगलेलं.

"मेंढ्याचा दात दुखतोय वाटतं," कालिपा म्हणाली. बायका हसल्या.

बुरमाकान एजे हसली नाही. म्हणाली, "मायराम, उद्यापासून तू मागच्या खोलीत लोकर पिंजायची. एकटीचं काम आहे, कुणाचा ठेका बिघडणार नाही."

"नको, एजे," मायराम म्हणाली. "बहिणीच्या घरी मी वर्षानुवर्षं कोपऱ्यातच बसले. जेवायला कोपऱ्यात, लग्नकार्यात कोपऱ्यात. मी इथं रांगेत बसायला आले."

"रांग काय तुझ्यासाठी थांबेल?"

"थांबू नका. हाक कुठं आहे ते दिसू द्या. तुम्ही टोकाला बसता, मला तुमचं तोंड दिसत नाही. समोर बसा, गुंडाळीच्या पलीकडे. बस, एवढंच."

समोर बसायचं? हाक टोकाहूनच यायची. एजेच्या आईनं टोकाहून दिली, तिच्या सासूनं टोकाहून दिली.

"माझ्या आईपासून जे चालत आलं, ते मी तुझ्यासाठी वळवू?" एजे म्हणाली आणि उठून चहाला आली.

आता चहाची गोष्ट नीट ऐका. आमच्याकडे समोवराजवळ बसणारी बाई चहादाणीतला कडक चहा आणि माझ्या तोटीचं कढत पाणी मिळून प्याल्यात जेमतेम तळ झाकेल एवढाच चहा ओतते. संपला की पुन्हा थोडा, पुन्हा थोडा. त्याचा अर्थ, बैस, तुझा प्याला माझ्या हातातून पुष्कळदा जावा असं मला वाटतं. पण प्याला काठोकाठ भरून दिला, तर त्याचा अर्थ, पी आणि ऊठ. पाहुण्याला तोंडानं "जा" म्हणणं वाईट दिसतं, म्हणून चहानं म्हणायचं.

त्या दिवशी कालिपा माझ्याजवळ बसली होती. तिनं मायरामचा प्याला काठोकाठ भरला.

सगळ्यांनी पाहिलं. मायरामनंही पाहिलं. तिनं तो उचलला, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, पुढे केला आणि म्हणाली, "झकास. अजून एक."

दुसऱ्या दिवशी पुन्हा काठोकाठ, तिसऱ्या दिवशीही. पिंजायच्या खोलीकडे ती फिरकली नाही. रांगेत येऊन बसायची, अर्धा क्षण उशिरा हात टाकायची आणि चहाच्या वेळी उंटासारखी प्यायची. शेवटी मलाच ते बघवेना. माझं पाणी आणि ह्या बायकांनी त्याचा दगड करून मारायचा? मी बंड केलं. कालिपानं तोटी फिरवली, की अर्ध्या प्याल्याला मी पाणी बंद करायचो. तिनं ठोकलं, हलवलं, शिव्या घातल्या. मी ठिबकलोसुद्धा नाही, आणि गळणाऱ्या तोटीला न ठिबकणं किती जड जातं ते माझं मला माहीत!

"तोटीत क्षार साचलाय," एजे म्हणाली.

"अर्ध्यावरच बरा साचतो!" कालिपा चिडली. तिनं झाकण काढलं, वरून पळीनं पाणी घेतलं आणि मायरामचा प्याला काठोकाठ भरलाच. माझा पराभव झाला, मित्रांनो. भांड्यानं किती लढावं, त्याला हद्द असते. पुढचं माणसांनीच करायचं असतं.

मायरामनं या खेपेला प्याला प्यायला नाही. उचलला आणि सरळ माझ्याजवळ आली. कालिपाला म्हणाली, "सरक."

"का म्हणून?"

"सरक म्हटलं ना."

कालिपा बिचकून सरकली. मायराम समोवराजवळ, चहा ओतणाऱ्या बाईच्या जागी बसली. काठोकाठ भरलेला प्याला तिनं चहादाणीत परत ओतला. बायकांचा श्वास अडकला, कारण ओतलेला चहा परत चहादाणीत घालायचा हक्क फक्त घरच्या बाईचा.

"काठोकाठ प्याला पाहुणीला देतात," ती तिच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाली. रस्त्यावरची कुत्रीसुद्धा उठून उभी राहिली. "मी पाहुणी नाही. माझे हात या लोकरीत आहेत. घरच्या माणसाला कुठं घालवता? ते जाणार कुठं?"

मग तिनं प्याले मांडले. माझी तोटी तिच्या बोटाखाली लोण्यासारखी फिरली. प्रत्येकीला थोडा थोडा चहा. कालिपाला थोडा. सगळ्यात कमी, म्हणजे सगळ्यात मानाचा, बुरमाकान एजेला. दोन्ही हातांनी पुढे धरला.

एजेपुढे मोठा पेच पडला. प्याला घेतला, तर ती घरची झाली. नाही घेतला, तर आपल्याच अंगणात चहा नाकारल्यासारखं. चहा निवत चालला. मायरामचे हात पुढेच होते, हलले नाहीत. ती विनवत नव्हती, मित्रांनो, वाट बघत होती.

"साखर कमी आहे," एजे पुटपुटली आणि प्यायली.

प्याला ठेवून ती उठली. टोकाला गेली नाही. कुरकुरत गुंडाळीच्या पलीकडे जाऊन बसली. "या आता, काय बघताय? म्हातारीचं तोंड कधी पाहिलं नाही?"

खरं म्हणजे नव्हतंच पाहिलं. हाक देताना एजे इतकी भयंकर तोंडं करायची, की पहिल्या हाकेला अर्धी रांग हसून लोळली. एजे पेटली. "हेऽय!" हात पडले. "हेऽय!" मायरामचे हात पडले, ठेक्याच्या अगदी जवळ.

आणि अचानक मायराम थांबली. "थांबा! एजेला दुखतंय."

"कोण म्हणालं?" एजे गरजली.

"तुम्हीच. प्रत्येक हाकेनंतर ओठातल्या ओठात 'आई गं' म्हणता. मला स्पष्ट दिसतंय."

कान असलेल्या इतक्या बायका, पण हातांच्या दणक्यात ते "आई गं" कुणालाही ऐकू आलं नव्हतं. टोकाला बसलेल्या एजेकडे कुणी बघितलंच नव्हतं. तिचे गुडघे कधीचे सुजलेले होते. सांगितलं तर आपल्यालाच पिंजायच्या खोलीत पाठवतील, ही भीती तिलाही होतीच.

कालिपाच पहिली उठली. नमद्यांच्या जाड घड्या आणून तिनं उंच बैठक रचली. "बसा. आणि तोंड उघडून सांगत जा ना, एजे! आम्ही काय ओठ वाचणारे आहोत?"

आता तुम्हाला वाटेल, मायराम पुढे नामांकित कारागीर झाली असेल. नाही झाली. अजूनही कधीकधी तिचे हात उशिरा पडतात. पण हाक आता समोरून येते, बैठकीवरून, आणि रांग सुखानं चालते. जागा मिळवायला दर वेळी चमत्कार करून दाखवावा लागत असेल, तर ती जागा कसली, तो तर तमाशा झाला! परवा एजेनं नमदा उलगडून विचारलं, "हा उंचवटा कुणाचा?"

"माझा," मायराम म्हणाली.

"आणि हा?"

"तुमचा."

एजेनं नमदा गुंडाळून ठेवला.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुठेतरी कामाला लागाल. तिथे कुणाचे हात उशिरा पडले, तर त्याला कोपरा दाखवण्याआधी हाक कुठून येते ते तपासा. आणि कोपरा तुम्हालाच दाखवला, तर उठू नका.

हे सांगायला मला अधिकार काय, असं म्हणाल. गेल्या आठवड्यात कालिपानं विजेची किटली आणली आणि माझ्या फळीवर ठेवली. चटकन उकळते, गाणं येत नाही, शेपूट भिंतीत अडकवल्याशिवाय तिचं काही चालत नाही. मला ती मुळीच आवडलेली नाही. तरी संध्याकाळी उकळताना थरथरत थरथरत मी तिच्यासाठी चार बोटं बाजूला सरकलो. मी पितळेचा, जड, म्हातारा, त्यात डावीकडे फुगलेला. मला जमलं. तुम्हाला काय धाड भरलीय? सरका!