एका वाक्यातला प्रश्न

माइकच्या तोंडावरची स्पंजाची टोपी एका बाजूने कुरतडल्यासारखी झाली होती... या हातातून त्या हातात जाताना ती दर वेळी निसटायची आणि नर्स ती अंगठ्याने दाबून पुन्हा बसवायची. आता शेजारच्या खुर्चीतला शिंपी, मग आपण. बाईंनी पदर सावरला. प्रश्न तयार हवा.

तयार होताच की. विसरत्या माणसांच्या घरच्यांसाठी इस्पितळाने ठेवलेलं हे व्याख्यान त्यांनी पहिल्या रांगेत बसून, हात मांडीवर ठेवून ऐकलं होतं — जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवताना मुलांना सांगितलं तसं : सगळं उतरवून घेत बसू नका, बोलणारा कुठे अडखळतो ते बघा, खरी गोष्ट तिथेच असते. तरुण डॉक्टर बरं बोलत होता. वाक्याचा शेवट तेवढा गिळायचा, पडद्याकडे वळून बोलायचा... आणि पाठ फिरवलेल्या माणसाचं निम्मं बोलणं भिंतच ऐकते, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. मग बाईंच्या लक्षात आलं, आपण ऐकत नाही आहोत, मार्क देतो आहोत.

शिंप्याने तर चऱ्हाटच वळायला घेतलं. बायको कात्री लपवते, मग तीच ती शोधून आणते, मग याच्याकडे बोट दाखवते — चोर सापडला म्हणून. "चाळीस वर्षं संसार केला साहेब, आणि शेवटी कात्रीचोर ठरलो." लोक हसले, तोही हसला, नि हसता हसता त्याला पुढचं बोलवेना. प्रश्न काय होता ते कुणालाच कळलं नाही. बाईंच्या वर्गात त्याला केव्हाच खाली बसवलं असतं. प्रश्न एका वाक्यात मावला पाहिजे. मावत नसेल तर तो अजून तुम्हालाच कळलेला नाही.

आणि आपला?... रोज दिवेलागणीला नवरा विचारतो, अक्का आली का? अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण; आईच्या मागे तिनेच त्यांना वाढवलं, आणि तिला जाऊन किती वर्षं झाली. आधी बाईंनी खरं ते सांगितलं. ते रडले, बातमी आत्ताच कानावर पडल्यासारखे. दुसऱ्या दिवशी पुन्हा अक्का, पुन्हा खरं, पुन्हा तेच कोवळं रडणं... एकाच माणसाला एकच मरण रोज रोज कळवायचं? मग त्या म्हणू लागल्या, येईल हं इतक्यात. तर ते धुतलेला सदरा घालून दारापाशी खुर्ची ओढून बसतात, जेवायला उठत नाहीत. लेक फोनवर म्हणते, आई, काहीतरी सांगून मोकळी हो ना, परीक्षा आहे का ती. खरं सांगू की खोटं — पण हे सगळं सांगितल्याशिवाय तेवढंच कसं विचारायचं...

माइक हातात आला. शिंप्याच्या मुठीने उबदार झालेला.

बाई उभ्या राहिल्या. आवाज अजूनही शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. "डॉक्टर, सकाळची गोळी न्याहारीच्या आधी द्यायची की नंतर?"

"नंतर, आजी."

पाकिटावर तसं छापलेलंच होतं. त्या बसल्या.

"एवढंच होय, बाई?" शिंपी वाकून हळूच म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. "मला वाटलं, तुम्ही काहीतरी मोठं विचाराल."

माइक मागच्या रांगेत गेला. वर्गात कुणी काही विचारलं की बाई लगेच उत्तर देत नसत. आधी त्यालाच विचारत, हे तुला कशासाठी जाणून घ्यायचंय? निम्मे प्रश्न तिथेच सुटायचे. मग घरी? खरं की खोटं, यातच इतके महिने गेले, पण अक्काशी तुमचं काम काय, असं एकदाही विचारलं नाही... सुचलं नाही म्हणून? छे. हल्ली ते आपल्याला अहोजाहो करतात. ताट पुढे ठेवलं की म्हणतात, तुम्हाला उगाच त्रास. आणि आपण हसण्यावारी नेतो, उतारवयात शहाणपण आलं म्हणतो. समजा विचारलं, आणि ते म्हणाले — अक्काला सांगायचंय, मला घरी घेऊन जा, इथल्या बाई चांगल्या आहेत, पण मी त्यांना ओळखत नाही...

मागे कुणीतरी काही विचारत होतं. डॉक्टर सांगत होता. बाई समोर बघत बसून होत्या. शब्द येत होते आणि जात होते. दिवेलागणीच्या ज्या प्रश्नाची दुपारपासून धास्ती असायची, त्याचीच आज त्यांना ओढ लागली. नवऱ्याने अक्काबद्दलच विचारावं. इथल्या बाईंबद्दल नको.